वेबपानें रचणाऱ्याची टिपणवही

सुताराच्या पेटींत गुण्या असतो, सोनाराजवळ कसोटी असते आणि जुन्या पंतोजींच्या शाळेंत पावकी-निमकीची उजळणी असे. जें एकदां नीट बसवून ठेवलें, तें प्रत्येक वेळीं नव्यानें शोधावें लागूं नये, एवढ्यासाठींच हीं साधनें. मोबाइलच्या व संगणकाच्या पडद्यावर दिसणारीं पानें रचणारा जो कारागीर, ज्याला आज फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणतात, त्याच्याजवळही अशीच एक वही असते. ती कागदाची असो अगर संगणकांतील एखादी फाइल असो, तींत कोडचे लहानलहान तुकडे आणि त्यांच्या शेजारीं दोन ओळींचीं टिपणें असतात. चौकट पडद्याच्या मध्यावर कशी आणावी, लांब यादी अक्षरानुक्रमें कशी लावावी, रिकामा राहिलेला रकाना कसा ओळखावा, असल्या शेंकडों बारीक गोष्टी कोणाच्याही डोक्यांत कायम राहत नाहींत. वही उघडली, तुकडा उचलला, कामाला लावला.

या विद्येचें मूळ परदेशांत आहे. १९८९ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं जालाची कल्पना मांडली. १९९४ मध्यें हॉकन विउम ली यांनीं पानाच्या पेहरावाचे नियम लिहिण्याची सीएसएस ही पद्धति सुचविली, आणि १९९५ मध्यें ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनींत दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. तेव्हांपासून आजपर्यंत जगभर जीं टिपणें हातोहात फिरत आलीं, त्यांतील बहुतेक रोमन लिपी डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलीं आहेत. रोमन लिपींत एक अक्षर म्हणजे एक सुटा खिळा. देवनागरीचें तसें नाहीं. तिच्या अक्षराला वर वेलांटी आहे, खालीं उकार आहे, डोक्यावर रफार आहे आणि सर्वांना बांधणारी शिरोरेघ आहे. पाश्चात्य वहींतील तुकडा मराठी पानांत जसाच्या तसा बसविला, तर तो कोठें ना कोठें तरी ओरखडा काढतोच. हा ओरखडा वाशिम जिल्ह्यांतील साध्या वाचकाला कोठें लागतो, हें पाहण्याजोगें आहे.

१ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा: वाशिम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. सोयाबीन व तूर पिकविणारा येथील शेतकरी आज आपली कितीतरी कामें मोबाइलवर उरकतो. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ सालीं झाला, ई-पीक पाहणीचें ॲप २०२१ मध्यें आलें, आणि दाखला, नोंद, अर्ज यांसाठीं पडद्यावरचें पान हीच कचेरीची खिडकी होऊन बसली. खिडकी मराठींत नीट बोलत नसेल, तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाचें काम अडतें. म्हणून गावोगांवच्या शाळांचीं, पतसंस्थांचीं, दुकानांचीं पानें रचणाऱ्या तरुणानें स्वतःची मराठी टिपणवही ठेवणें अगत्याचें आहे.

त्या वहीचीं पहिलीं तीन टिपणें कोणत्याही पानाच्या आरंभींचीं. एक, पानाच्या माथ्यावर ‘कॅरसेट’ म्हणजे अक्षरसंच ‘यूटीएफ-८’ असल्याचें लिहावें आणि तें पहिल्या १,०२४ बाइटांच्या आंतच लिहावें. तें राहून गेलें तर ब्राउझर भलताच तर्क बांधतो आणि ‘वाशिम’ या शब्दाऐवजीं युरोपी अक्षरांचा गाळ पडद्यावर येतो. दोन, ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ लिहून पानाची रुंदी यंत्राच्या रुंदीइतकी ठरवावी, नाहींतर मोबाइल तें पान मोठ्या संगणकाचें समजून आक्रसून दाखवितो. तिसरें टिपण सर्वांत लहान आणि सर्वांत उपेक्षित. ‘एचटीएमएल’ या पहिल्याच खुणेच्या पोटांत ‘लँग’ बरोबर ‘एमआर’ इतकें लिहिलें, कीं हें पान मराठी आहे, हिंदी नव्हे, हें यंत्रास कळतें. दृष्टिहीन माणसाचें वाचकयंत्र त्यावरूनच मराठी उच्चाराचा आवाज निवडतें, आणि ज्या फॉन्टांत सोय आहे तेथें ल आणि श हीं अक्षरें मराठी वळणानें उमटतात. चार अक्षरांचें काम, पण पुष्कळ मराठी पानांवर तेथें इंग्रजीचें ‘ईएन’ तसेंच राहिलेलें आढळतें, कारण नमुन्याच्या तुकड्यांत तेंच होतें.

आतां मुख्य गोष्ट. ‘शेतकरी’ या शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला, कीं ‘शेतकऱ्यांना’ असें रूप होतें. यांतील अर्धा र रफार होऊन डोक्यावर जात नाहीं; तो य च्या डाव्या अंगाला लहानशा आडव्या फराट्यासारखा राहतो. हें मराठीचें खास लेणें. शिशाच्या खिळ्यांच्या काळांत जुळाऱ्याला तो खिळा निराळा उचलावा लागे, आणि ‘जुळाऱ्याला’ हा शब्द जुळवितांनाही तोच लागे! संगणकांत हें अक्षर दोन वाटांनीं लिहिलें जातें. पहिल्या वाटेंत ऱ हें स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. इनस्क्रिप्ट कळपाटावर तें र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळतें. दुसऱ्या वाटेंत साधा र, हलन्त आणि त्यापुढें एक न दिसणारें चिन्ह घालतात. त्या चिन्हाचें नांव झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक, आणि युनिकोडमधील त्याचा क्रमांक २००डी. डोळ्यांना दोन्ही रूपें सारखींच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात.

येथें पाश्चात्य वहींतील एक फार लोकप्रिय तुकडा आड येतो. इतर ठिकाणाहून उचलून चिकटविलेल्या मजकुरांतून कधीं कधीं अदृश्य चिन्हें येतात, आणि त्यांच्यामुळें ईमेलचा पत्ता अगर परवलीचा शब्द जुळत नाहीं. म्हणून कोणीतरी एक ओळ लिहून ठेवली, कीं २००बी पासून २००डी पर्यंतचीं सर्व चिन्हें आणि त्यांच्या जोडीला एफईएफएफ हें चिन्ह पुसून टाकावें. इंग्रजीच्या दृष्टीनें ही ओळ निर्दोष आहे. तेथें त्या चिन्हांचें सहसा कांहींच अडलेलें नसतें. पण मराठी मजकुरावरून ती फिरविली, कीं जोडक पुसला जातो, र सुटतो, आणि तो थेट य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘शेतकऱ्यांना’चें ‘शेतकर्यांना’ होतें. वर्तमानपत्रांच्या पानांवर, योजनांच्या माहितीवर, बाजारभावाच्या फलकावर हें विद्रूप रूप ज्यानें पाहिलें नाहीं असा मराठी वाचक विरळा. लोक दोष देतात लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाला. पुष्कळदां लिहिणाऱ्यानें बरोबरच लिहिलेलें असतें, आणि वाटेंत कोठेंतरी ही साफसफाई झालेली असते. कित्येक ठिकाणीं तर अर्थच पालटतो. ‘आचाऱ्यांना’ बोलावणें पाठवावें आणि पडद्यावर ‘आचार्यांना’ यावें, म्हणजे स्वयंपाकासाठीं बोलावलेल्या माणसांच्या जागीं पंडित येऊन बसावयाचे.

यावरील टिपण दोन पायऱ्यांचें आहे. प्रथम र, हलन्त आणि जोडक हे तिन्ही जेथें लागोपाठ येतील, तेथें त्यांच्या जागीं ऱ आणि हलन्त घालावेत. म्हणजे ०९३१ आणि ०९४डी हे दोन क्रमांक. नंतर पुसावयाचें असेल तर २००बी आणि एफईएफएफ एवढींच दोन चिन्हें पुसावींत. जोडकाला व त्याच्या भावाला, म्हणजे २००सी ला, हात लावूं नये. शोधाचा रकाना असेल तर साठविलेला मजकूर व वाचकानें टाइप केलेला शब्द या दोहोंवरून पहिली पायरी फिरवावी. ‘शेतकऱ्यांसाठीं योजना’ असें शोधणाऱ्या माणसाला ‘कांहीं सांपडलें नाहीं’ असें उत्तर मिळतें, तें योजना नसते म्हणून नव्हे, तर योजना दुसऱ्या वाटेच्या र नें लिहिलेली असते म्हणून. जावास्क्रिप्टमध्यें ‘नॉर्मलाइझ’ नांवाची एक सोय आहे आणि तिच्यावर भिस्त ठेवण्याची पद्धत आहे. र खालीं नुक्ता देऊन लिहिलेलें रूप ती ऱ मध्यें आणते हें खरें, पण जोडकाच्या वाटेचें रूप ती तसेंच सोडते. तें काम हातानेंच करावें लागतें. ‘ॲप’ मधील ॲ चीही अशीच दोन रूपें प्रचारांत आहेत, कारण त्या अक्षरास युनिकोडमध्यें स्वतंत्र जागा २००८ सालीं मिळाली. तत्पूर्वीं लोक अ वर चंद्र काढून काम भागवीत, आणि अजूनही भागवितात.

प्रतीवरून प्रत करतांना चूक कशी पसरते, हें या जिल्ह्याला नवें नाहीं. कारंजा येथील दिगंबर जैन मंदिरांच्या भांडारांत संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश भाषांतील हस्तलिखितें शतकानुशतकें जपलेलीं आहेत. दहाव्या शतकांतील पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनीं १९३१ मध्यें, आणि त्याच कवीचें ‘णायकुमारचरिउ’ हीरालाल जैन यांनीं १९३३ मध्यें संपादून कारंजा येथून प्रसिद्ध केलें. असल्या संपादकाचें अर्धें आयुष्य एका प्रतीचा पाठ दुसरीशीं ताडून पाहण्यांत जातें. लेखनिकानें एका जागीं अक्षर चुकविलें, कीं त्याच्या प्रतीवरून झालेल्या सर्व प्रतींत तें चुकलेलेंच राहतें, आणि मागाहून येणाऱ्याला तेंच प्रमाण वाटूं लागतें. कोडच्या तुकड्याचेंही असेंच आहे. मार्च २०१६ मध्यें ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्यानें सार्वजनिक भांडारांतून काढून घेतला, आणि त्याच्यावर विसंबलेलीं जगभरचीं असंख्य कामें कांहीं तास अडून पडलीं. म्हणून वहींतील प्रत्येक तुकड्याखालीं तो कोठून घेतला, कोणत्या तारखेस घेतला आणि कशासाठीं घेतला हें लिहावें. विशेषतः कशासाठीं, हें. इंटरनेट एक्सप्लोरर ११ या ब्राउझरची सेवा मायक्रोसॉफ्टनें १५ जून २०२२ रोजीं संपविली. त्याच्या लहरी सांभाळण्यासाठीं लिहिलेले तुकडे आज निव्वळ अडगळ आहेत. पण कारण लिहून ठेवलेलें नसेल, तर तो तुकडा काढण्याचें धैर्य कोणास होत नाहीं.

अंकांचें टिपण याच्या खालोखाल महत्त्वाचें. अर्जांत मोबाइलचा क्रमांक विचारलेला असतो. शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठी कळपाट असतो, आणि तो सरळ देवनागरी अंकांत दहा आकडे भरतो. पान उत्तर देतें, ‘क्रमांक चुकीचा आहे.’ तो पुन्हां भरतो, पुन्हां तेंच. त्याची चूक नसते. अंक तपासण्याचा जो तुकडा वहींतून उचललेला असतो, त्यांत ‘अंक’ या शब्दाचा अर्थ फक्त रोमन लिपीबरोबर चालणारे शून्य ते नऊ असा असतो, आणि जावास्क्रिप्टच्या मतें देवनागरी ‘१२’ हा आकडाच नव्हे. उपाय एका ओळीचा आहे. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीनें २४०६ असून पुढचे अंक ओळीनें २४१५ पर्यंत जातात. वाचकानें भरलेल्या प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकांतून २४०६ वजा केले, कीं हवा तो अंक हातीं येतो. तपासणीच्या आधीं एवढें करून घ्यावें, आणि माणसाला कांहींएक बोलूं नये. शेताचा गट क्रमांक विचारावयाचा असेल, तर तो रकाना ‘नंबर’ प्रकारचा ठेवूं नये. ४५/२ हा गट क्रमांक म्हणजे भागाकार नव्हे, आणि तिरकी रेघ तो रकाना स्वीकारीत नाहीं. साधा मजकुराचा रकाना द्यावा.

उलट दिशेनें, म्हणजे आकडा दाखवितांना, ब्राउझर मराठी रिवाज स्वतःच जाणतो. त्याला फक्त विचारावें लागतें. ‘इंटल नंबरफॉरमॅट’ला ‘एमआर-आयएन’ एवढें सांगितलें, कीं २०११ च्या जनगणनेंतील वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या तो ‘११,९७,१६०’ अशी लाखाच्या स्वल्पविरामांसह लिहून देतो. न सांगतां सोडलें, तर पुष्कळदां अमेरिकेच्या रीतीनें मिलियनचे विराम पडतात, आणि लाखांत मोजणाऱ्या माणसाला रक्कम बोटानें मोजावी लागते. याच कुळांतील वर्णक्रमाची सोय आहे. युनिकोडच्या रांगेंत ळ हा ल च्या पाठोपाठ बसला आहे, मराठी वर्णमालेंत तो ह च्या नंतर येतो. यादी लावतांना ‘एमआर’ हें नांव सांगितलें, कीं क्रम मराठी होतो.

अक्षरें मोजण्याच्या बाबतींत तर गंमतच आहे. ‘मंगरुळपीर’ या नांवांत कोणत्याही शाळकरी मुलाला सहा अक्षरें दिसतील. जावास्क्रिप्ट नऊ मोजतें, कारण अनुस्वार, उकार व वेलांटी तें स्वतंत्र धरतें. आणि साठवणींत त्याच नांवाला २७ बाइट लागतात. नांवाच्या रकान्याला ‘जास्तींत जास्त २०’ अशी मर्यादा इंग्रजी नमुन्यावरून घातली, तर मराठी माणसाचें आडनांव अर्ध्यावर तुटतें. मथळा चार चिन्हांवर कापणारा तुकडा ‘कृष्ण’चा ‘कृष्’ करून सोडतो. ओळखीच्या वर्तुळांत नांवाचें पहिलें अक्षर दाखविणारा तुकडा विठ्ठलाचा ‘व’ करतो. वेलांटी जाते कोठें, तें पांडुरंगच जाणे. यासाठीं ‘इंटल सेगमेंटर’ ही सोय वापरावी; ती माणसाच्या डोळ्यानें मोजते. जोडाक्षर अखंड मानावें, हा नियम मात्र युनिकोडच्या १५.१ या आवृत्तींत, म्हणजे २०२३ मध्यें आला. त्यामुळें जुन्या मोबाइलवर जोडाक्षराचे दोन तुकडे होण्याचा संभव धरूनच चालावें.

पेहरावाचीं टिपणें थोडक्यांत सांगण्यासारखीं आहेत. अक्षरांतील अंतर वाढविण्याचा ‘लेटर-स्पेसिंग’ हा नियम मराठीला लावूं नये. शिरोरेघ तुटून शब्दाच्या फळ्या होतात. ओळींची उंची इंग्रजीला १.२ पट पुरते, मराठीला १.६ च्या खालीं जाऊं नये, नाहींतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत अडकतो. तिरपें अक्षर देवनागरीच्या परंपरेंत नाहीं. भर द्यावयाचा तर ठळक करावें. चित्रांची रुंदी-उंची आधींच लिहावी, म्हणजे चित्र उशिरां आलें तरी वाचतां वाचतां मजकूर खालीं उडी मारीत नाहीं. रेंज मंद असलेल्या गांवीं याचें महत्त्व कळतें.

फॉन्टाविषयीं मात्र दोन शब्द अधिक. १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांनीं सुंदर देवनागरी खिळ्यांसाठीं केवढे कष्ट घेतले, हें जुन्या पोथ्या पाहिल्यावर समजतें. संगणकाच्या युगांत तीच तळमळ र. कृ. जोशी यांच्या ठायीं होती. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर घरोघरीं पोंचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. आज गूगलचा नोटो, मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्ता आणि बलू असे उत्तम फॉन्ट विनामूल्य मिळतात. तरीही युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेला जुना मजकूर अद्यापि कोठें कोठें पानांवर चिकटविला जातो. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागींच देवनागरीचे आकार बसविलेले असत. फॉन्ट नसेल त्या मोबाइलवर तो मजकूर निरर्थक दिसतो, आणि शोधयंत्राला तो मराठी आहे हें कळतच नाहीं. असा मजकूर आधीं युनिकोडमध्यें पालटून घ्यावा. नवा फॉन्ट जोडतांना त्याच्याजवळ ‘युनिकोड-रेंज’ लिहून ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीची हद्द नेमून द्यावी व जोडकांचे दोन क्रमांक त्यांत घालावेत. मग पानावर मराठी असेल तेव्हांच तो फॉन्ट उतरतो, एरवीं वाचकाचा डेटा खर्च होत नाहीं.

गांवांच्या यादीचें टिपण राहिलें. ‘वाशिम’ आणि ‘वाशीम’ हीं दोन्ही रूपें लोकांच्या लेखणींत आहेत. मालेगांव नाशिक जिल्ह्यांतही आहे, आणि कारंजा वर्धा जिल्ह्यांतही. यादींत नांवाबरोबर जिल्हा दाखवावा, आणि आंतल्या हिशेबासाठीं नांव न वापरतां क्रमांक वापरावा. २०११ च्या जनगणनेंत वाशिम जिल्ह्याचा क्रमांक ५०२ आहे. त्याला ऱ्हस्व-दीर्घाची बाधा नाहीं.

वहीच्या शेवटच्या पानावर परीक्षेचें एक वाक्य लिहून ठेवण्याची युक्ति चांगली. ‘मानोऱ्याच्या शेतकऱ्यांनीं गट क्रमांक ४५/२ ची नोंद कृष्णराव आचाऱ्यांकडे दिली.’ पान तयार झालें, कीं हें वाक्य त्याच्या प्रत्येक रकान्यांत भरावें, साठवावें आणि एखाद्या जुन्या, स्वस्त मोबाइलवर परत उघडावें. शोधाच्या रकान्यांत ‘मानोऱ्याच्या’ हा शब्द एकदां ऱ घेऊन आणि एकदां जोडक घेऊन टाइप करावा. दोन्ही वेळां तें वाक्य सांपडलें पाहिजे, आणि तालुक्याच्या नांवांतील र य च्या डोक्यावर चढलेला नसावा.